कुंभारीच्या मुलीने आधी काय शिकावे?

सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते या घरांचे हस्तांतरण झाले. अशा वसाहतीतल्या मुलीला स्वसंरक्षण शिकायचे असेल, तर सुरुवात कशाने करावी?

कराटे हे नाव पटकन सुचते. पण नावापेक्षा सराव कसा होतो, हे पाहणे जास्त महत्त्वाचे. हवेत ठोसे मारून हालचाल पाठ होते. समोरच्याने मनगट घट्ट धरले की मात्र खरी परीक्षा होते. म्हणून जोडीदार खरोखर विरोध करतो, असा वर्ग निवडावा.

या कसोटीवर कुस्ती आणि ज्युदो पहिल्या पसंतीचे ठरतात. पकड सोडवणे, तोल राखणे आणि पडल्यावर लगेच उठणे दोन्हींत रोज घोटून घेतात. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदोची पायाभरणी केली, ती जुन्या जुजुत्सूतले घातक डाव वगळून. त्यामुळे पूर्ण ताकदीने सराव करता येऊ लागला. कुस्ती तर आपल्याच मातीतली! महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा 2023 मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली.

ठोसे चुकवायला बॉक्सिंग उत्तम, पण ते नंतर शिकले तरी चालेल.

चाकूपुढे मात्र कोणताही डाव भरवशाचा नाही. तिथे पळावे, ओरडावे आणि 112 वर फोन करावा.

पालकांनी फी भरण्याआधी एक पूर्ण तास सराव बसून पाहावा.