नकाशापुढचा सेनानी : क्राफ्ट फॉन डेल्मेन्सिंगेन

लढाई जिंकली की जयघोष सेनापतीच्या नावाचा होतो. रात्र रात्र नकाशापुढे बसून जो तिची आखणी करतो, त्या स्टाफ-प्रमुखाचे नाव सहसा कोणी घेत नाही. बव्हेरियाचा कोनराड क्राफ्ट फॉन डेल्मेन्सिंगेन हा अशांपैकीच एक होय.

१८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले तरी बव्हेरियाने आपले सैन्य, युद्धखाते व जनरल स्टाफ निराळा राखला होता. युद्धकाळी मात्र हे सैन्य कैसरच्या हुकमतीखाली जाई. १८६२ साली जन्मलेला क्राफ्ट या बव्हेरियन स्टाफचा प्रमुख होता. ऑगस्ट १९१४ मध्ये युवराज रुप्रेश्ट याच्या सहाव्या फौजेचा तो स्टाफ-प्रमुख झाला. लोरेन प्रांतात फ्रेंचांना गुंतवून ठेवावे, प्रसंगी मागेही सरावे, एवढेच या फौजेचे काम. पण नुसते थोपवून धरणे युवराजाला रुचेना, आणि क्राफ्टलाही! २० ऑगस्टला त्यांनी हल्ला करून फ्रेंचांना मागे रेटले. तेवढ्यावर थांबते तर बरे होते. नान्सीच्या रोखाने पुढे केलेले हल्ले मात्र अपार रक्तपात होऊन फसले.

१९१५ मध्ये नवे आल्पेनकोर त्याच्या हाती आले, आणि टिरोल, सर्बिया, रुमानिया येथील डोंगरांनी त्याला नवी विद्या शिकविली. सप्टेंबर १९१६ मध्ये हेर्मानश्टाट येथे त्याने पहाडातून वळसा घेऊन रुमानियनांच्या पाठीमागची खिंडच अडविली.

म्हणूनच १९१७ मध्ये ऑस्ट्रियाने इटलीविरुद्ध मदत मागितली, तेव्हा इसोंझो नदीचा प्रदेश पाहण्यास लुडेनडॉर्फने त्यालाच धाडले. यश शक्यतेच्या अगदी सीमेवर आहे, असा अभिप्राय त्याने दिला. तरी मोहीम ठरली, आणि फॉन बेलोच्या चौदाव्या फौजेचा स्टाफ-प्रमुख म्हणून ती पार पाडणे त्याच्याच माथी आले. डोंगरी युद्धात आधी शिखरे जिंकावी अशी रूढ समजूत. येथे शिखरांबरोबरच थेट दरीतूनही मुसंडी मारण्याचे ठरले. २४ ऑक्टोबरच्या पहाटे दोन वाजता विषारी वायूच्या गोळ्यांनी आरंभ झाला, सकाळी पायदळ निघाले आणि त्याच दिवशी दरीच्या वाटेने कापोरेत्तो गाव पडले. पुढील काही आठवड्यांत अडीच लाखांहून अधिक इटालियन कैद झाले.

मूळ बेत मात्र इटालियनांना सरहद्दीपलीकडे, फार तर ताल्यामेंतो नदीपार हटविण्याचा होता. इतक्या मोठ्या यशाची तयारीच नव्हती. वाहने अपुरी, पूल उडविलेले. नोव्हेंबरात पियावे नदीवर इटालियन पुन्हा पाय रोवून उभे राहिले.

मार्च १९१८ मध्ये बेलो व क्राफ्ट हीच जोडी फ्रान्समध्ये सतराव्या फौजेवर होती, पण आरासजवळ तो चमत्कार पुन्हा घडला नाही. पुढे १९२६ मध्ये क्राफ्टने इसोंझोच्या लढाईवर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. तो १९५३ मध्ये वारला.