बिनफाटकाचं अभयारण्य

अभयारण्याच्या फाटकावरचे फलक वाचायचा मला जुना नाद आहे. बाकीची मंडळी जिप्सीत पुढची जागा धरायला धावतात आणि मी फलकापुढे उभा. मोठ्याने बोलू नका, भडक कपडे नकोत, गाडीतून उतरू नका, प्राण्यांना खाऊ घालू नका. लग्नपत्रिकेतलं ‘कृपया आहेर आणू नये’ लोक जेवढ्या गांभीर्याने घेतात, तेवढ्याच गांभीर्याने हेही घेतात.

या फलकांचं मूळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात. बिनपरवाना आत कोण जाऊ शकतो, ते कलम 27 सांगतं: कामावरचा सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला, आत जमीनजुमल्याचा हक्क असलेला, या तिघांवर अवलंबून असलेली घरची माणसं आणि सार्वजनिक रस्त्याने नुसता पलीकडे जाणारा. बाकी सर्वांना कलम 28चा परवाना. त्यासाठी कारणं पाचच: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आतल्या रहिवाशाशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन चौथं. पैसे भरले म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे, असं मानणाऱ्यांनी हा क्रम एकदा नजरेखालून घालावा.

31 डिसेंबर 2024ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे कोंडले. चालक-गाईड निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही महिने बंदच ठेवलं होतं. मग गाभ्याचा जास्तीत जास्त 20 टक्के भाग पर्यटनाला, असं ठरलं. यावर वर्तमानपत्रांतून भरपूर आलंय. पण हे सगळे नियम फाटक असलेल्या जंगलाचे. आमच्या गंगाखेडला वाघ नाही, गोदावरी आहे; आणि गोदाकाठाने वर गेलं की पैठणला जे जायकवाडीचं अभयारण्य लागतं, त्याला फाटकच नाही.

जायकवाडीचं धरण 1976चं, पक्षी अभयारण्य 1986चं. म्हणजे आधी पाणी साठलं, मग पक्षी जमले, मग सरकारचं लक्ष गेलं. सुमारे 341 चौरस किलोमीटर हद्द, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेली. काठच्या कुठल्याही गावातून माणूस, म्हैस, डिझेलचा पंप थेट पाण्यापर्यंत जातो. नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला, दरवाजे आहेत, 27. पण ते धरणाचे, आणि त्यांची किल्ली वनखात्याकडे नाही.

इथेच मला त्याच वन्यजीव कायद्याच्या कलम 29ने धरून ठेवलं. हे कलम पर्यटक कधी वाचत नाही, कारण त्यात त्याच्याबद्दल काही नाही. अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं, वाढवणं याला परवान्याशिवाय मनाई आहे. आणि परवानाही वन्यजीवांच्या भल्यासाठी असेल तरच. आता हे वाक्य नाथसागराच्या काठावर उभं राहून वाचा. प्रवाह अडवून झालेलंच हे अभयारण्य. इथे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटतं ते पिकासाठी, पिण्यासाठी, कारखान्यांसाठी. कलम अक्षरशः लावायचं तर धरणच बंद पडेल, म्हणून ते लावायचा विचारही कोणी करत नाही. मग मोठ्याने हसणाऱ्या शाळेच्या सहलीला गप्प करणं तेवढं उरतं.

पक्ष्यांचं सगळं गणित मात्र पातळीवर. तलाव तुडुंब असला की बदकांची चैन. वारकरी, तलवार बदक मधल्या पाण्यात मजेत. रोहित म्हणजे फ्लेमिंगोला आणि चिखलपायट्या पक्ष्यांना तेवढं पाणी नको. त्यांना हवा पाणी ओसरताना उघडा पडणारा ओला, बोटभर पाण्याचा चिखल. नेमका हाच चिखल शेतकऱ्यालाही हवा असतो. पाणी हटलं की उघड्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर. गाळ एवढा कसदार की खताची फारशी गरज नाही. पण गाळपेरीत फवारणी आली की औषध उतरतं ते थेट तलावात. गाळपेर करणाऱ्यात धरणाने जमीन गिळलेले लोकही आहेत. त्यांना अतिक्रमण करणारे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पातळी ठरते कुठे? वर नाशिक-नगरची धरणं, खाली मराठवाडा. समन्यायी पाणीवाटपाच्या भांडणातून सूत्र निघालं: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचं. या सूत्रावर मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले. ऊस, द्राक्षं, शहरं, दारूचे कारखाने सगळे त्यात आले. रोहित पक्षी आले नाहीत. आणि धरणाच्या खालच्या बाजूला? ऑगस्ट 2006मध्ये धरणातून विसर्ग वाढवला तेव्हा पैठणपासून नांदेडपर्यंतचा गोदाकाठ पाण्यात होता. गोदाकाठाला पातळी कळते ती अशी.

2017मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. देशभरच्या अशा अधिसूचनांचा साचा एकच: बंदी असलेली कामं, नियंत्रित कामं, उत्तेजन द्यायची कामं. हॉटेलं-रिसॉर्टवर मर्यादा, शिवाय गरम हवेच्या बलूनमधून सहल काढण्याचाही त्यात विचार. नाथसागरावर बलून! उत्तेजनाच्या यादीत अपारंपरिक ऊर्जा. पुढे याच पाण्यावर तरंगत्या सौर पॅनेलचा मोठा प्रकल्प आला तेव्हा मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या पंच समितीने हरित लवादात धाव घेतली. लवादाने 2024मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2025मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं. जाळं टाकणाऱ्यांनी पक्ष्यांच्या कायद्याचा आधार घेतला आणि त्यात ते हरले. वीज हवीच, याबद्दल वाद नाही. पण काठावरच्या पर्यटकाने टॉर्च मारू नये असं सांगणाऱ्या व्यवस्थेला पाण्यावर पॅनेल पसरायला अडचण वाटली नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

त्यामानाने गोदावरीवरच वरच्या अंगाला असलेलं नांदूर मधमेश्वर अभयारण्य सुखी. 2020मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. निरीक्षण मनोरे आहेत, पक्षी दाखवणारी गावातली पोरं आहेत. पाहुण्याचे नियम तिथे पाळले जातात, कारण पाळले जाण्यावर त्या पोरांची मिळकत अवलंबून आहे. जायकवाडीला हे जमण्यासारखं आहे, पण मनोरा उभारून चिखल उघडा पडत नाही.

आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीत ठरतात. लोकप्रतिनिधी असतात, अभियंते असतात. फेब्रुवारी-मार्चात काठचा काही पट्टा गाळपेरीविना आणि फवारणीविना राहावा, पातळी एकदम खाली न जाता हळूहळू उतरावी, एवढं मांडणारं माणूस त्या बैठकीत बसवावं आणि गाळपेर सोडणाऱ्याला त्या हंगामाचे पैसे रोख द्यावेत. डावा कालवा 208 किलोमीटर धावत आमच्या परभणी जिल्ह्यात येतो, त्यामुळे ही सूचना मी इथल्या पारावर मांडून पाहिली. “तुझी स्वतःची किती एकर आहे रे?” एवढंच विचारलं गेलं.