सहा मिनिटं, तीस मीटर

"दम लागतो का?" असं मुळशी खोऱ्यातल्या साठीच्या एखाद्या बाईला विचारा. बहुतेकदा उत्तर येतं, "छे, तसं काही नाही. वय झालं आता." ती खोटं बोलत नसते. सरपणाची मोळी आता सून आणते. टेकाडावरच्या देवळात जाणं दोन वर्षांपूर्वीच सुटलं. लावणीत ती खाचरात उतरत नाही, बांधावर बसून राहते. ज्या कामाने धाप लागेल ते एकेक काम तिने नकळत सोडून दिलं, मग दम लागणार कशाने? फुप्फुसाचा जुनाट आजार कितीतरी घरांत असा सोडून दिलेल्या वाटांमागे लपून बसलेला असतो.

धूर या भागाला नवा नाही. पावसाळ्यात ओलं सरपण, बंद दारं आणि चूल. उन्हाळ्याच्या शेवटी भाताच्या रोपांसाठी राब भाजणी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेला लेख याच प्रश्नावर होता. धूम्रपान करणारे जगात सुमारे १०० कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी, हा हिशेब त्यांनी मांडला. सीओपीडी, म्हणजे हाच फुप्फुसाचा जुनाट आजार, फक्त विडी ओढणाऱ्यांना होतो, ही समजूत त्यानंतर टिकायला नको होती. तरी ती अजून टिकून आहे, आणि त्याची किंमत बायका मोजतात.

निदानासाठी स्पायरोमेट्री लागतेच. जोरात फुंकलेली हवा किती वेगाने बाहेर पडते, ते ती सांगते. पण फुंकण्याचा आकडा सारखा असलेल्या दोघांपैकी एक पौडच्या बाजारात फिरून येतो आणि दुसरा अंगणातच थांबतो. चालताना फुप्फुसं, हृदय आणि पायांचे स्नायू यांची एकत्र परीक्षा होते. बसून फुंकताना ती होत नाही.

म्हणून चालवून बघायचं. अमेरिकी हवाई दलातले डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली तंदुरुस्ती मोजायला १२ मिनिटं धावण्याची चाचणी आणली. १९७६ मध्ये मॅकगेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती छातीच्या रुग्णांसाठी चालण्यावर आणली. दमलेल्या माणसाला १२ मिनिटंही फार होतात. सहा मिनिटांत काम भागतं, हे १९८२ मध्ये बटलंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. कोरोनात ही सहा मिनिटं आपल्याकडे घराघरांत पोचली, पण तेव्हा सगळं लक्ष ऑक्सिजन किती उतरतो याकडे होतं. फुप्फुसाच्या जुनाट आजारात अंतरही तितकंच बोलतं.

चाचणी दिसायला अगदी साधी. तीस मीटरचा सपाट व्हरांडा, दोन टोकांना दोन शंकू, एक खुर्ची, बोटाला ऑक्सिमीटर. आधी दहा मिनिटं बसवतात. काठी लागत असेल तर काठी घेऊनच चालायचं. धावायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायला मुभा, पण घड्याळ थांबत नाही. मोजणारा बरोबरीने चालत नाही, नाहीतर रुग्ण त्याचा वेग धरतो. दर मिनिटाला तो ठरलेलंच वाक्य बोलतो, पहिल्या मिनिटानंतर असं: "छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत." त्यापलीकडे शाबासकी नाही, कारण हुरूप दिला की अंतर वाढतं. ऑक्सिजन ८० टक्क्यांखाली गेला तर चाचणी तिथेच थांबते. शेवटी धाप किती लागली, हे रुग्णाने शून्य ते दहाच्या पट्टीवर सांगायचं. पहिल्या खेपेला माणूस बुजतो, दुसऱ्या खेपेला जास्त चालतो. म्हणून मध्ये विश्रांती देऊन चाचणी दोनदा घेतात आणि मोठं अंतर धरतात.

तीस मीटर जागा नसेल तर दुसरीही एक चाचणी आहे. इंग्लंडमध्ये सॅली सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली शटल चाचणी आणली. तिला दहा मीटर जागा पुरते. टेपवरच्या 'बीप'बरोबर फेरी पुरी करायची, आणि दर मिनिटाला वेग वाढतो.

मला वाटतं, तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राजवळ तीस मीटरची अशी एक मोजलेली वाट हवी. केंद्राचा व्हरांडा आखूड असतो हे खरं, आणि आखूड जागेत वारंवार वळावं लागून अंतर कमी भरतं. पण गावच्या शाळेची लांब पडवी सुट्टीच्या दिवशी मोकळी असते. प्रशिक्षित माणूस आणि जवळ ऑक्सिजन मात्र हवाच. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला चालवायचं नाही, आणि दम्याच्या-सीओपीडीच्या रुग्णाने हे घरी एकट्याने करून बघायचं नाही.

आकडा हाती आला की पुढचा उपाय ठरवता येतो. श्वसन पुनर्वसनात आठवड्यातून दोन-तीनदा चालणं, पायांचे व्यायाम आणि श्वास सांभाळायची रीत शिकवतात. सहा-आठ आठवड्यांनी तीच चाचणी, त्याच व्हरांड्यात. सुमारे ३० मीटरचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याइतका मानतात. ३० मीटर म्हणजे त्या व्हरांड्यातली या शंकूपासून त्या शंकूपर्यंतची एक जास्तीची फेरी. घरी गेल्यावर ती मागच्या दारापासून विहिरीपर्यंत पुरते.