न उघडणारे टपालघर

आपल्या मुलुखापासून दूर स्थायिक झालेल्या कुटुंबांना पत्राचे मोल वेगळे सांगावयास नको. पुण्या-साताऱ्याकडील आप्तांची खुशाली असो की मुलीच्या सोयरिकीची बोलणी असोत, सारे काही पिढ्यान्‌पिढ्या पोस्टमनच्या पिशवीतून येत राहिले. आज त्यातील बराचसा भार ईमेलने उचलला आहे. ईमेलचेही एक टपालघर असते, त्याला मेल सर्व्हर म्हणतात. शाळा, ग्रंथालये, मंडळे यांपैकी काहींनी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवलेला असतो, आणि एखाद्या सकाळी तो सुरूच होत नाही. यंत्र धडधाकट, तारा जोडलेल्या, तरी टपालघराचे दार बंद! अशा वेळी दोष पुष्कळदा एका क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टीत असतो. एखाद्या डिरेक्टरीची परवानगी चुकलेली असते.

उदाहरणादाखल पोस्टफिक्स घेऊ. व्हित्से व्हेनेमा या डच संगणकशास्त्रज्ञाने आयबीएमच्या संशोधनकेंद्रात असताना ही प्रणाली रचली आणि १९९८ च्या डिसेंबरात ती सर्वांसाठी खुली झाली. तिची मांडणी मोठ्या टपालकचेरीसारखी आहे. एकच सर्वाधिकारी कारकून सारे काम करीत नाही. पत्र उचलणारा निराळा, रांगेत लावणारा निराळा, पोचविणारा निराळा. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार. देखरेख करणारा ‘मास्टर’ तेवढा ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालतो. बाकीचे बहुतेक ‘पोस्टफिक्स’ नावाच्या साध्या खातेदाराच्या नावाने काम करतात.

युनिक्स पद्धतीच्या संगणकात प्रत्येक डिरेक्टरीला, म्हणजे कपाटाच्या खणाला म्हणा, एक मालक आणि एक गट असतो. मालक, गट आणि इतर या तिघांसाठी तीन प्रकारची परवानगी नोंदलेली असते. वाचनाचे ४, लेखनाचे २, प्रवेशाचा १ असे अंक धरून त्यांची बेरीज लिहितात. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. डिरेक्टरीच्या बाबतीत ‘वाचन’ म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, ‘लेखन’ म्हणजे आत वस्तू ठेवणे वा काढणे, आणि ‘प्रवेश’ म्हणजे तिच्यातून पुढे जाणे.

पोस्टफिक्सच्या ‘मेलड्रॉप’ या डिरेक्टरीचा अंक ७३० असतो. मालकाला ४, २ आणि १ मिळून सात, म्हणजे सर्व अधिकार. ‘पोस्टड्रॉप’ या गटाला २ आणि १ मिळून तीन, म्हणजे आत पत्र टाकता येईल, पण आत काय आहे याची यादी पाहता येणार नाही. इतरांना शून्य. चौकातल्या तांबड्या पत्रपेटीचा न्याय तो हाच! शाळेत अंकगणित शिकविताना याहून सुरेख उदाहरण क्वचितच सापडेल.

ही व्यवस्था बिघडते कशी? बहुधा स्थलांतरात. जुन्या यंत्रावरील दप्तर नव्या यंत्रावर हाताने उतरवून घेतले, किंवा राखून ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हा उभे केले, की मालकी बदलते. संगणक खातेदाराला मनातल्या मनात नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. जुन्या यंत्रावर ८९ हा क्रमांक पोस्टफिक्सचा असला, तरी नव्यावर तोच दुसऱ्या कोणाचा असू शकतो. सुरू होताना मास्टर ‘व्हार/लिब/पोस्टफिक्स’ या डिरेक्टरीत ‘मास्टर.लॉक’ नावाची फाइल उघडतो, आणि तेवढ्यापुरता तो आपला सर्वाधिकार बाजूला ठेवून ‘पोस्टफिक्स’ या खात्याच्या नावाने उघडतो. ती डिरेक्टरी रूटच्या मालकीची झालेली असली, तर ‘परमिशन डिनाइड’ असा शेरा मारून सारी कचेरी जागीच थांबते. ‘रूटने सुरू केले, तरी नकार कसा?’ या प्रश्नाने भलेभले गोंधळतात, त्याचे कारण हे आहे.

घाईला आलेला माणूस अशा वेळी सगळ्या डिरेक्टऱ्यांना सरसकट ७७७ हा अंक देऊन मोकळा होतो. हा उपाय रोगापेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे. कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवण्याचा हा प्रकार. मग यंत्रावरील कोणीही दुसऱ्याच्या पत्रव्यवहारात हात घालू शकतो. सेंडमेल ही जुनी प्रणाली तर अशा सैल डिरेक्टऱ्या पाहून काम करण्यासच नकार देते. १९९८ मध्ये आलेल्या तिच्या ८.९ या आवृत्तीत ही तपासणी फार कडक झाली, आणि ती सैल करण्याच्या पर्यायाला कर्त्यांनी नाव दिले, ‘डोन्ट ब्लेम सेंडमेल’! नावातच बजावणी आली. या कडकपणामागे अनुभव होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या वाटांनी शिरकाव केला, त्यांतील एक सेंडमेलमधून जात होती.

योग्य मार्ग संथ आहे, पण अवघड नाही. प्रथम ‘व्हार/लॉग’मधील टपालाची नोंदवही वाचावी. कोणत्या डिरेक्टरीवर अडले, हे तेथे बहुधा लिहिलेले असते. मग ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ या पर्यायासह देऊन मुळापासून त्या डिरेक्टरीपर्यंतची प्रत्येक पायरी तपासावी, कारण वाटेतल्या एकाच खणाला प्रवेशाचा १ नसला, तरी पुढचे सारे व्यर्थ. त्यानंतर ‘पोस्टफिक्स चेक’ने उरलेले दोष पाहावेत, आणि रूटच्या अधिकाराने ‘पोस्टफिक्स सेट-परमिशन्स’ ही आज्ञा द्यावी. ती प्रत्येक खणाची मालकी व अंक पूर्ववत करते. सारा ‘व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’ एका फटक्यात पोस्टफिक्सच्या नावे करू नये. वरची डिरेक्टरी रूटचीच असावी लागते. इतके करूनही नकार आला आणि यंत्रावर ‘एसई-लिनक्स’ हा आणखी एक पहारेकरी असला, तर ‘रिस्टोरकॉन’ने त्याच्या खुणा सुधाराव्या लागतात.

या खटाटोपात येणारी पत्रे बुडतात काय? लगेच नाही. पाठविणारा सर्व्हर ती आपल्याकडे राखून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात ५ दिवसांची आहे, त्यानंतर पत्र प्रेषकाकडे परत जाते. दोन प्रयत्नांमधील अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाहून थोडे अधिक होते. म्हणून दार उघडल्यावर लगेच पेटी रिकामी दिसली, तरी घाबरू नये. आपल्याच रांगेत अडकलेली पत्रे ‘मेलक्यू’ने पाहून ‘पोस्टफिक्स फ्लश’ने मार्गी लावावीत. बाहेरची त्यांच्या त्यांच्या वेळेला येतात, आणि बहुतेक पहिल्या तास-दीड तासातच येऊ लागतात.