निसर्गावस्थेत मी किती दिवस जगेन?



गेल्या वेळी आपण थॉमस हॉब्जची ओळख करून घेतली. आज त्याच घरात जायचे आहे, पण मागच्या दाराने.

आम्ही तीसेक वर्षे महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात हॉब्ज यायचाच. कायदा नाही, पोलीस नाहीत, बाजारपेठ बंद, शब्द पाळण्याची कुणाला सक्ती नाही. अशा वेळी माणसे कशी राहतील? या स्थितीला तो निसर्गावस्था म्हणतो. त्याच्यासाठी हा नुसता कल्पनेचा खेळ नव्हता. इंग्लंडमध्ये यादवी पेटली होती, राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ साली बाहेर आला तो त्याच धामधुमीत.

एका वर्षी हे सगळे रंगवून सांगत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. सतरा वर्षांची असेल. म्हणाली, “सर, या निसर्गावस्थेत मी किती दिवस जगेन?” वर्ग हसला. ती हसली नाही. तिला टाइप १ मधुमेह आहे, हे आम्हाला पुढे कळले. त्या दिवशी आम्ही म्हणालो, “हा विचारप्रयोग आहे, शब्दशः घ्यायचा नसतो.” आणि फळ्याकडे वळलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर समजा.

आधी तिचा प्रश्न नीट समजून घेऊ. आपल्या घरोघरी आजी-आजोबांना असतो तो मधुमेह वेगळा. टाइप १ मध्ये शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. अनेकदा हे लहान वयात, शाळेच्या दिवसांत होते. इन्सुलिन नाही म्हणजे रक्तात साखर भरपूर, पण ती पेशींना वापरता येत नाही. भरल्या कोठारापाशी उपासमार! मग शरीर चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल साठते, आणि इन्सुलिन पूर्ण तुटले तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सगळे संपते.

बरे, नुसती इन्सुलिनची बाटली असून भागत नाही. इंजेक्शन घेतले आणि जेवण मिळाले नाही, तर साखर एकदम खाली येऊन बेशुद्धी येते. म्हणजे औषध हवे, सुई हवी, वेळेवर अन्न हवे, औषध थंड राहायला हवे. वयात येताना शरीर बदलते तशी इन्सुलिनची गरजही वाढते. म्हणजे ज्या वयात मुलांना वाटते की आता कुणाची गरज नको, नेमक्या त्याच वयात गरज वाढलेली असते.

शंभर वर्षांपूर्वी यावर उपायच नव्हता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले. तो अक्षरशः हाडांचा सापळा झाला होता. पहिले औषध अशुद्ध निघाले. ते अधिक शुद्ध करून २३ जानेवारीला पुन्हा दिले, आणि मुलगा सावरला. पुढे तेरा वर्षे जगला. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की समाज कोसळला तर ती एका झटक्यात १९२१ सालात जाऊन पडेल.

हे खरोखर घडलेले आहे. एव्हा साक्सल ही प्रागची ज्यू मुलगी. जन्म १९२१चा, म्हणजे टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागत होता त्याच वर्षीचा. नाझींच्या तावडीतून ती आणि तिचा नवरा व्हिक्टर शांघायला पोचले. युरोपातून आलेल्या हजारो ज्यूंना तेव्हा व्हिसाशिवाय आसरा देणारे ते शहर. तिथे, जेमतेम विशीत, एव्हाला मधुमेह असल्याचे निदान झाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने उरलेले शांघायही ताब्यात घेतले आणि बाहेरून येणारे इन्सुलिन आटले.

व्हिक्टर डॉक्टर नव्हता. कापड-उद्योगातला अभियंता होता. पण दोघांच्या हाती वैद्यकाचे एक पाठ्यपुस्तक लागले आणि त्यात इन्सुलिन कसे काढतात याची माहिती होती. एका चिनी रसायनतज्ज्ञाने त्यांना छोटीशी प्रयोगशाळा वापरू दिली. म्हशींची स्वादुपिंडे मिळवली, अर्क काढला, आधी सशांवर पाहिला. तपकिरी रंगाचे ते औषध. ते स्वतःला टोचून घ्यायला एव्हा तयार झाली, आणि ते लागू पडले. पुढे तिथल्या वस्तीतल्या इतर मधुमेहींनाही हेच इन्सुलिन मिळू लागले. एव्हा युद्धानंतर अमेरिकेत गेली आणि २००२ सालापर्यंत जगली.

आता ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. एक, जिद्दी जोडप्याने एकट्याच्या बळावर मृत्यूला हरवले. ऐकायला छान, पण खरे नव्हे. जरा मोजून बघा. पुस्तक लिहिणारा कुणी परका. त्यामागे टोरांटोचे संशोधक. प्रयोगशाळा देणारा चिनी माणूस, ज्याचा स्वतःचा देश होरपळत होता. म्हशी कापणारे खाटीक. जिद्द खरीच, पण ती टेकली होती या सगळ्यांवर. मोठा समाज मोडला तेव्हा ती दोघे एकटी राहून जगली नाहीत. त्यांनी एक छोटा समाज उभा केला, म्हणून जगली.

हॉब्जची गडबड इथे आहे. आपल्या आधीच्या एका ग्रंथात तो म्हणतो, माणसे जमिनीतून अळंबीसारखी उगवली आहेत, एकमेकांशी काही देणेघेणे नाही, अशी कल्पना करा. अळंबीला आई नसते, आजार नसतो, सतरावे वर्ष नसते. वर्गात आम्हीही निसर्गावस्थेत नेहमी एक धडधाकट पुरुष उभा करत असू. मागच्या बाकावरची मुलगी त्यात कुठे बसत नव्हती, म्हणून तिचा प्रश्न आम्हाला शब्दशः घेण्याजोगा वाटला नाही.

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत: स्वावलंबन आणि स्वायत्तता. स्वावलंबन म्हणजे कुणाचा आधार न घेणे. स्वायत्तता म्हणजे आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घेणे. एव्हा स्वावलंबी नव्हती, पण ती तपकिरी सुई टोचून घ्यायची की नाही हे तिने ठरवले. आमची विद्यार्थिनी रोज आपला डोस आपण ठरवून टोचत होती. वर्गातल्या कितीजणांना सतराव्या वर्षी एवढी जबाबदारी पेलली असती? अशा मुलांना आपण दया दाखवतो किंवा शौर्याची शाबासकी देतो. दोन्हींत त्यांना आपल्यातून वगळलेलेच असते. त्यांचे मागणे साधे आहे. मोजाल तेव्हा आम्हालाही मोजा.

हे सगळे शांघायइतके लांबचे नाही. २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीचे रस्ते बंद झाले, वीज गेली. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. हे काही समाजाचे कोसळणे नव्हे, पण त्याची चुणूक होती. आपल्या गल्लीत इन्सुलिनवर जगणारे मूल कोणते, थॅलेसेमियामुळे दर काही आठवड्यांनी रक्त लागणारे कोणते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? फ्रिज बंद पडला तर ओल्या मातीच्या मडक्यात इन्सुलिन बऱ्यापैकी गार राहते. गावाकडे पुष्कळजण तसे ठेवतातच. पण मडके कुणाच्या घरी आहे आणि बाटली कुणाकडे, हे आधी माहीत हवे. पाणी दाराशी आल्यावर विचारायचे म्हटले तर फार उशीर झालेला असतो.

तेव्हा त्या मुलीला आमचे उत्तर असे. बाई ग, निसर्गावस्थेत तू काही दिवस जगशील. आम्ही थोडे जास्त दिवस जगू, पण तो फरक फक्त दिवसांचा. तिथे एकटे कुणीच जगत नाही. तुला हे आमच्याआधी कळले होते.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. या वेळी फळ्याकडे वळणार नाही.