घाम, तहान आणि भान : शरीर स्वतःला कसं सांभाळतं?



आजचा विषय शरीराच्या स्वयंनियमनाचा आहे. शब्द जड वाटेल, पण गोष्ट आपल्या वाटेवरची आहे. ज्येष्ठाच्या अखेरीला तुकोबारायांची पालखी बारामतीत येते. मग काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, पुढे सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. चालणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या आज्या कितीतरी असतात. सकाळी हवा गार असते, दुपारी डांबरी रस्ता तापतो. पण त्या आजीच्या शरीराच्या आतलं तापमान दिवसभर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. हे कोण सांभाळतं? आणि ते हाताबाहेर कधी जातं? एवढंच आज बघू.

क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात एक फार मोलाची गोष्ट सांगितली. आपण बाहेरच्या हवेत राहतो, पण आपल्या पेशी राहतात त्या शरीरातल्या द्रवात. तो द्रव स्थिर राहिला, तरच आपण बाहेर मोकळे फिरू शकतो. पुढे अमेरिकेतले वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या स्थिरतेला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं. १९३२ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘शरीराचं शहाणपण’.

हे शहाणपण चालतं कसं? आपल्या उजनीचं उदाहरण घ्या. वरून किती पाणी येतंय ते कुणीतरी मोजतं, किती सोडायचं ते कुणीतरी ठरवतं आणि दरवाजा कुणीतरी उचलतं. मोजणं, ठरवणं, कृती करणं. शरीरातही हीच तीन कामं आहेत. त्वचेतले आणि मेंदूतले संवेदक तापमान मोजतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, तो ठरवतो. आणि घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या, स्नायू हुकूम पाळतात. गरम झालं की त्वचेकडे रक्त वाढतं, घाम सुटतो. थंडी वाजली की रक्त आत वळतं, स्नायू थरथरतात.

आता एक गैरसमज. घाम येण्याने गारवा मिळत नाही, घाम सुकल्याने मिळतो. एक लिटर घाम त्वचेवरून सुकताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर घाम नुसता टपटप गळतो, पाणी जातं आणि गारवा मिळत नाही. आपला बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेचा. वारं सुटलं की घाम लगेच सुकतो, अंग ओलं दिसतच नाही. मग माणूस म्हणतो, “मला कुठं घाम आलाय?” अहो, सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग बघा की! पाणी गेलं, मीठही गेलं.

ही तूट भरायला दोन वाटा. एक मूत्रपिंडाची. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडलं तर बाकी सगळं परत घेतात. रक्त जरा घट्ट झालं, की मेंदूकडून संप्रेरक सुटतं आणि लघवी आणखी कमी, पिवळी होते. दुसरी वाट तहानेची.

तरीही पाणी कमीच पडलं तर? पाटाला पाणी कमी असलं की पाटकरी काय करतो? पाळी लावतो. शरीरही पाळी लावतं. मेंदू आणि हृदय यांचा पुरवठा आधी, त्वचेचा नंतर. पण उष्णता बाहेर पडायची ती त्वचेतूनच! म्हणजे पाणी वाचवताना शरीर तापायला लागतं. उष्माघाताची सुरुवात अशी होते.

आता आपल्या आजीकडे परत येऊ. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते. त्यात रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाणी आणखी जातं. आणि तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही. वाटेत आडोसा मिळायचा नाही, म्हणून कितीतरी बायका मुद्दामच पाणी पीत नाहीत. शरीर तहान लावतंय आणि ती दाबून टाकतेय. हा शरीराचा दोष नाही, तो आपल्या सोयींचा दोष आहे. म्हणून पाण्याच्या टँकरइतकंच स्वच्छतागृह हेही आरोग्याचं साधन आहे, असं मी म्हणतो.

बरं, नुसतं पाणी भराभरा प्यालं तर? खूप घाम गेल्यावर फक्त साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून मीठ-साखर-पाणी. साखर का? आतड्यात एक दार असं आहे, की सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथं हेच द्रावण पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मापात चूक नको. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर किती घ्यायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

शेवटची गोष्ट, आणि ही नीट लक्षात ठेवा. ताप आणि उष्माघात एक नव्हेत. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच आकडा वर नेतो, म्हणून तापाच्या गोळीने तो खाली येतो. उष्माघातात आकडा ३७च असतो, गार करणारी यंत्रणा हरलेली असते. तिथं तापाची गोळी काही उपयोगाची नाही. अंग ४० अंशांच्या वर तापलेलं, माणूस असंबद्ध बोलतोय, चाल अडखळतेय, तर वाट बघू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

शरीर फार शहाणं आहे, पण त्याला कच्चा माल आपणच द्यायचा असतो : पाणी, मीठ, सावली, विसावा. पुढच्या वर्षी वाटेवर एखादी आजी दिसली, तर पाया पडाच. पण आधी विचारा, “आजी, पाणी कधी प्यालात?”