गैरहजरांची गणती

लिनक्स कर्नेल कोसळल्यानंतर त्याच्या स्मृतीची जी प्रत मागे उरते, तिची उत्तरीय तपासणी करणाऱ्या ‘क्रॅश’ या साधनाच्या गेल्या वीस वर्षांच्या वाटचालीचा मागोवा घेऊ लागले म्हणजे ध्यानात येते की, त्याच्या कर्त्यांना वारंवार छळणारा एक प्रश्न वरकरणी अगदीच क्षुल्लक होता : यंत्रात प्रोसेसर किती?

२००५ साली कर्नेलच्या २.६.१३ या आवृत्तीत ‘केडंप’ दाखल झाला. आगाऊ राखून ठेवलेल्या जागेत दुसरा कर्नेल चढवावा आणि पहिला कोसळताच त्याने पहिल्याची स्मृती जतन करावी, ही त्यातील योजना. आणि तिच्या उभारणीत आय.बी.एम.चे विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांचा मोठा वाटा होता. यंत्र चालू असतानाच एखादा प्रोसेसर बंद करण्याची सोयही याच काळात रूढ होत गेली, आणि तेथूनच गणतीचा घोळ सुरू झाला.

कर्नेलच्या दफ्तरी प्रोसेसरांच्या निरनिराळ्या याद्या असतात : संभाव्य, उपस्थित आणि कार्यरत. महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावातून ऊसतोडीला गेलेल्या माणसाचे नाव शिधापत्रिकेवर कायम असते, पण ग्रामसभेच्या हजेरीपटावर त्याची सही नसते; तद्वतच बंद केलेला प्रोसेसर उपस्थितांत मोडतो, कार्यरतांत मोडत नाही. आता शून्य ते तीन अशा चार प्रोसेसरांपैकी क्रमांक एक बंद आहे असे समजा. कार्यरत तीनच, म्हणून पहिले तीन क्रमांक तपासावेत, तर बंद असलेला एक तपासला जातो आणि चालू असलेला तीन निसटतो.

याहून बिकट प्रकरण टिपणांचे होते. कोसळण्याच्या क्षणी प्रत्येक चालू प्रोसेसर आपल्या रजिस्टरांची नोंद करून ठेवतो. बंद प्रोसेसरची जागा कोरीच राहते, आणि प्रत तयार होताना ती कोरी जागा वगळली जाते. परिणामी दुसरे टिपण वस्तुतः क्रमांक दोनचे असूनही अनुक्रमाने वाचणारे साधन ते क्रमांक एकच्या नावावर खुशाल चढवी. मग टिपणांची सांगड कार्यरतांच्या यादीशी घालण्यात आली. परंतु यादीत कार्यरत असूनही इतका गोठलेला प्रोसेसर, की जो शेवटच्या हाकेलाही ओ देत नाही, तो टिपण ठेवीतच नाही, आणि क्रम पुन्हा एका घराने सरकतो. यास्तव पुढे प्रत्येक प्रोसेसरची टिपण-जागाच प्रत्यक्ष तपासण्याचा मार्ग पत्करावा लागला.

आज ‘क्रॅश’ उघडताच प्रारंभीच्या तपशिलात प्रोसेसरांच्या एकूण आकड्याशेजारी, कंसात, बंद असलेल्यांचाही आकडा येतो, आणि ‘सेट ऑफलाइन हाइड’ ही आज्ञा दिली असता ते पुढील निष्पत्तीतून वगळले जातात. सर्व प्रोसेसरांचा माग ‘बीटी -ए’ने काढण्यापूर्वी विश्लेषकाने हा कंसातला आकडा अवश्य पाहावा, कारण बेरीज बिनचूक जुळूनही साक्ष भलत्याच्याच नावावर नोंदली जाऊ शकते, आणि अशा साक्षीवर उभा राहिलेला निष्कर्ष कितीही तर्कशुद्ध वाटला तरी निरपराध प्रोसेसरलाच दोषी ठरवतो.